कूलोमचे मायक्रोकूलोम करताना गुणायचं की भागायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: ०.०००४५ कूलोम (कूलोम हे विद्युत प्रभार मोजायचं एकक) म्हणजे किती मायक्रोकूलोम, ३२०० नॅनोकूलोम म्हणजे किती मायक्रोकूलोम, आणि मोबाइलच्या बॅटरीवरचे एमएएच (मिलिॲम्पिअर-अवर) यात कुठे बसतात. उत्तरं आधी देते: ४५० मायक्रोकूलोम आणि ३.२ मायक्रोकूलोम. एमएएचकडे नंतर येते, कारण मला तोच भाग सगळ्यात आवडतो.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. ‘गुणायचं की भागायचं’ हे पाठ करू नका, परीक्षेच्या गडबडीत ते नेमकं उलटं आठवतं. सोन्याची जुनी मापं आठवा. एका तोळ्याचे मासे १२ आणि गुंजा ९६. सोनं तेवढंच, पण माप लहान घेतलं की आकडा मोठा होतो. कूलोम हा तोळा समजा. त्याचे मिलिकूलोम हजार, मायक्रोकूलोम दहा लाख, नॅनोकूलोम शंभर कोटी, पिकोकूलोम एक लाख कोटी. प्रत्येक पायरी हजाराची. खाली उतरलात की आकडा हजारपट वाढतो, वर चढलात की हजारपट घटतो. नॅनोवरून मायक्रोवर म्हणजे एकच पायरी वर, म्हणून ३२०० चे ३.२ झाले.

एक खबरदारी घ्या. मिलीची खूण इंग्रजी ‘एम’, मायक्रोची ग्रीक ‘म्यू’. घाईत उतरवलेल्या वहीत या दोन खुणा सारख्याच दिसतात आणि उत्तर हजारपट चुकतं. म्यूचा डावा पाय ओळीच्या खाली ओढून काढायची सवय लावून घ्या.

आता जिथे खरे मार्क जातात ते. दोन प्रभारांमधलं बल सांगणाऱ्या कूलोमच्या नियमात त्या दोन प्रभारांचा गुणाकार असतो. एक-एक मायक्रोकूलोमचे दोन प्रभार एक मीटर अंतरावर आहेत, बल काढा. वर्गात एका मुलीने उत्तर काढलं ९००० न्यूटन. तिने मायक्रोचा ‘दहाचा उणे सहावा घात’ एकदाच लिहिला होता, दुसऱ्या प्रभाराचा राहून गेला. मी तिला म्हटलं, ९००० न्यूटन म्हणजे साधारण ९०० किलोचं वजन, एक छोटी मोटारगाडी. डोळ्यांना न दिसणारे दोन प्रभार गाडी उचलतील का गं? तिने स्वतःच चूक शोधली. घात उणे बारावा हवा, आणि बल ०.००९ न्यूटन, म्हणजे जेमतेम एक ग्रॅमचं वजन. म्हणून सूत्रात आकडे घालण्याआधीच प्रत्येक प्रभार कूलोममध्ये लिहून टाका, मग पुढे काही राहून जात नाही.

आता बॅटरी. एक ॲम्पिअर म्हणजे सेकंदाला एक कूलोम. तासाचे सेकंद ३६००, म्हणून एक ॲम्पिअर-अवर (एएच) म्हणजे ३६०० कूलोम, आणि एक एमएएच म्हणजे ३.६ कूलोम. ५००० एमएएचच्या मोबाइल बॅटरीचे झाले १८,००० कूलोम. घरातल्या १५० एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीचे ५,४०,००० कूलोम.

इथे थांबून विचार करा. थंडीच्या कोरड्या दिवसांत प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो. तेव्हा अंगावरचा प्रभार फार तर एखाद्या मायक्रोकूलोमच्या आसपास असतो. मग १८,००० कूलोमची बॅटरी आपण खिशात कशी बाळगतो? कारण ते कूलोम बॅटरीत साचून बसलेले नसतात. बॅटरी एकूण उदासीन असते, म्हणजे तिच्यातला धन आणि ऋण प्रभार सारखाच असतो. एका टोकातून जितका प्रभार बाहेर पडतो, तितकाच दुसऱ्या टोकातून आत येतो. १८,००० हा आकडा पूर्ण चार्ज संपेपर्यंत तारेतून वाहणाऱ्या प्रभाराचा आहे. उलट नुसता एक-एक कूलोम प्रभार दोन वस्तूंवर वेगळा काढून त्या एक मीटरवर ठेवता आल्या असत्या, तर त्यांच्यातलं बल सुमारे नऊ लाख टनांच्या वजनाइतकं भरलं असतं. पुस्तकातल्या स्थिर विजेच्या गणितांत मायक्रो आणि नॅनो का असतात आणि बॅटरीच्या गणितांत हजारो कूलोम का येतात, ते यावरून कळेल. एकक एकच आहे, पण एका ठिकाणी साचलेला प्रभार मोजतो आणि दुसऱ्या ठिकाणी वाहून गेलेला.

जाता जाता पॉवर बँकेचं सांगते, कारण मुलं हमखास विचारतात. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. बाहेर ५ व्होल्टवर वीज मिळते, तेव्हा ऊर्जेचा हिशेब जुळवायचा तर जास्तीत जास्त ७४०० एमएएच मिळतील, तेही काहीच वाया गेलं नाही तर. व्होल्टेज बदललं की नुसते एमएएच ताडून चालत नाही.

सगळ्यात खालची पायरी इलेक्ट्रॉनची. २० मे २०१९ पासून त्याच्या प्रभाराचं मूल्य कायमचं ठरवून दिलेलं आहे: १.६०२१७६६३४ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात, कूलोममध्ये. त्या हिशेबाने एका नॅनोकूलोममध्ये सुमारे ६२४ कोटी इलेक्ट्रॉन, एका पिकोकूलोममध्ये सुमारे ६२ लाख. एखाद्या वस्तूवरचा प्रभार काढताना उत्तर शून्य नसूनही एका इलेक्ट्रॉनच्या प्रभारापेक्षा लहान आलं, तर घातांची बेरीज पुन्हा एकदा तपासा.