खाडीकाठी ऑफ-ग्रिड (बाहेरच्या वीजजोडणीशिवाय चालणारं) मॉडर्न घर बांधायचंय, किती किलोवॅटचं सोलर लागेल?

550 वॉटची सहा पॅनेल, म्हणजे 3.3 किलोवॅट. 5 केव्हीएचा इन्व्हर्टर आणि 10 युनिटांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. रोज 6 युनिट खर्चाच्या घराला एवढं बास. पण रत्नागिरीजवळ सहा गुंठ्यांत सपाट छप्पर, पश्चिमेला अख्खी काचेची भिंत आणि बेडरूमला एसी असं तुम्ही लिहिलंय. मग हा हिशोब विसरा.

आर्किटेक्ट मंडळींशी माझा वाद इथेच आहे. पश्चिमेची काच दुपारी तीनपासून मावळतीपर्यंत तापते, आणि ती धग काढायला दीड टनाचा एसी रात्रभरात 8-10 युनिट खातो. पहाटे बॅटरी ठप्प. काचेपुढे आठ फुटांची पडवी काढली की पंख्यावर भागतं, जुलैची झडही काचेवर येत नाही. गच्च मळभात सहा पॅनेल जेमतेम 3 युनिट देतात. बॅटरी तीन दिवस रेटते, चौथ्या दिवशी छोटा जनरेटर लागतोच.

पाण्याचं विचारलंच नाहीत! खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. सपाटाऐवजी 100 चौरस मीटर उतरतं छप्पर घ्या, 3000 मिलिमीटर पाऊस, पाचवा हिस्सा वाया धरला तरी 2 लाख 40 हजार लिटर. चौघांना माणशी 100 लिटर धरून ऑक्टोबर ते मे लागतं 97 हजार. म्हणून टाकी एक लाख लिटरची.

आता खरी गोम. 8 बाय 5 बाय 2.5 मीटरची ही टाकी लोक पूर्ण जमिनीत पुरतात, मे महिन्यात धुवायला रिकामी करतात आणि छपरावरची घाण जाऊ दे म्हणून पहिले पाऊस बाहेर सोडतात. टाकी रिकामीच राहते, आणि इकडे पावसानं भूजल वर चढतं. आठ इंची काँक्रीटचं वजन 75-80 टनांच्या आसपास, पाणी माथ्यापर्यंत आलं तर खालून उचल 130 टनांपर्यंत. टाकी होडीसारखी उचलली जाते, एका कोपऱ्यात तिरकी होते आणि पाइपाच्या सांध्याशी फुटते. निम्मी टाकी जमिनीच्या वर ठेवा, उचल निम्म्यावर येते. सेप्टिक टँकलाही हेच लागू.

पॅनेलचे नट-बोल्ट 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. फॅब्रिकेटर '304 चालतं' म्हणेल. खाऱ्या वाऱ्यात त्यावर तांबेरा धरतो. अॅल्युमिनियम आणि स्टीलच्या मध्ये रबरी वॉशर हवाच. इन्व्हर्टर खाडीकडच्या पडवीत टांगू नका, पंखा खारी हवा ओढून बोर्ड खातो.

हो, हे आधी सांगायला हवं होतं: 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात खाडीच्या भरतीरेषेपासून 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी, तो ना-विकास पट्टा, म्हणजे तिथे नवं घर बांधता येत नाही. सहा गुंठे म्हणजे जेमतेम 25 मीटर लांबी-रुंदी. खाडी रुंद आणि प्लॉट काठालाच असेल तर अख्खा त्यात बसतो. पॅनेलचे भाव नंतर काढा, आधी भरतीरेषेचा नकाशा बघा.