काठी कोणत्या हातात?

या महिन्यात कथालेखनाविषयी आलेली बरीचशी पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरत होती: लिहिताना जवळ एखादी वस्तू ठेवावी का, आणि ठेवली तर तिचे नेमके करायचे काय. त्यामुळे इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत.

प्रश्न : कथा सुचावी म्हणून मी जुन्या वस्तू एका खोक्यात जमवल्या आहेत. त्यात किल्ल्या, बंद पडलेले घड्याळ, एका काडीचा चष्मा आणि कुणाची तरी हातातली काठी आहे. रोज एक वस्तू टेबलावर ठेवून मी तासभर तिच्यासमोर बसतो. वर्णन चांगले उतरते, पण कथा काही सुरू होत नाही. माझे काय चुकते?

उत्तर : तुम्ही वस्तू पाहता, पण ती वापरत नाही. टेबलावर मांडलेली वस्तू म्हणजे प्रदर्शनातली वस्तू, आणि तिचे वर्णन करण्यापलीकडे आपल्याला काही करता येत नाही. उद्या टेबलाशी बसूच नका. खोक्यातली ती काठी काढा आणि घरभर तिच्या आधाराने चाला.

हा सल्ला मी माझ्या एका फजितीतून देतो आहे. उजवा गुडघा निकामी झालेल्या एका वृद्ध गृहस्थाची कथा मी लिहिली होती आणि त्याच्या उजव्या हातात मी अगदी निःशंकपणे काठी दिली होती. कथा छापून आल्यावर रुग्णांना व्यायाम शिकवणाऱ्या एका वाचक बाईंनी दोन ओळींत कळवले की, काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. मला ते पटेना. मी काठी मागून आणली, उजवा पाय दुखतो आहे असे धरून चालून पाहिले आणि चार पावलांत गप्प झालो. आपण चालतो तेव्हा उजव्या पायाबरोबर डावा हातच पुढे येत असतो. त्या हातात काठी असली की दुखऱ्या पायावर भार येण्याच्या क्षणीच ती जमिनीवर टेकते आणि काही भार स्वतःकडे घेते. उजव्या हातात धरली, तर माणूस दुखऱ्या बाजूलाच कलंडतो. डोक्यातल्या डोक्यात मी पन्नास म्हातारे चालवले असते, तरी हे मला कळले नसते.

आता कथेच्या दृष्टीने खरी गंमत यापुढे आहे. प्रत्यक्षात पुष्कळ माणसे काठी चुकीच्याच हातात धरतात. म्हणजे माझा म्हातारा चूक नव्हता, फक्त मला त्याची चूक ठाऊक नव्हती. त्याने ती चुकीच्या हातात का धरली असेल? त्याला कुणी सांगितले नसेल, किंवा सांगणाऱ्याचे ऐकायचेच नाही असे त्याने ठरवले असेल, किंवा त्याचा डावा हात मोकळा नसेल, कारण त्या हाताला धरून दुसरे कुणी चालत असेल. या तीन शक्यतांच्या तीन वेगळ्या कथा होतात, आणि तिसरी मी अजून लिहिलेली नाही.

तुमच्या खोक्यातल्या काठीची उंचीही पाहा. पायांत जोडे घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावेत. काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी आणि ती धरल्यावर कोपर किंचित वाकावे, असे तिचे माप असते. ती तुमच्या हातात उंच होत असेल तर खांदा वर उचलला जाईल आणि पाच मिनिटांत मान अवघडेल. नवऱ्याच्या पश्चात त्याची काठी वापरणारी एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. तो तिच्याहून वीतभर उंच होता. काठी खालून चार बोटे कापून घ्या, असे भेटायला येणारा प्रत्येक जण तिला सांगतो आणि ती प्रत्येकाला हो म्हणते. तिचा एक खांदा कायम वर असतो. या बाईचे दुःख सांगण्यासाठी तुम्हाला आता ‘दुःख’ हा शब्द वापरावा लागणार नाही.

शेवटी काठी उलटी करा. टोकाला रबरी टोपण असेल तर ते एका कडेने जास्त झिजलेले आहे का पाहा. मुठीवरचे पॉलिश कुठे उडाले आहे, तिथे तुमचे कोणते बोट पडते आणि ज्याची ती होती त्याचे कोणते पडत असावे, हे ताडून पाहा. एवढे झाल्यावर दहा वाक्ये लिहा आणि त्यांत एकही विशेषण येऊ देऊ नका, फक्त क्रियापदे येऊ द्या. वर्णनाची सवय मोडायला मला यापेक्षा चांगला उपाय सापडलेला नाही.

प्रश्न : मी जुन्या काळावर कादंबरी लिहिते आहे. लिहिताना मी नायिकेसारखा घोळदार, जड पोशाख करते आणि दिव्याच्या मंद उजेडात बसते. घरातले हसतात. हा निव्वळ वेडेपणा आहे का?

उत्तर : असला तरी या वेडेपणाला परंपरा मोठी आहे. जर्मन नाटककार शिलरच्या टेबलाच्या खणात कुजकी सफरचंदे भरलेली असत आणि त्या वासावाचून त्याला काम सुचत नसे, ही हकिगत त्याचा मित्र, कवी गटे याने सांगितली आहे. त्या वासाने स्वतः गटेला मात्र घेरी आली होती. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाक संन्याशासारखा पांढरा झगा अंगात चढवून रात्र रात्र लिहीत असे. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याने १८९५ साली स्ट्रिंडबर्गचे, म्हणजे त्याच्यावर जाहीरपणे तुटून पडणाऱ्या स्वीडिश नाटककाराचे, मोठे चित्र विकत घेऊन अभ्यासिकेत लावले आणि त्या नजरेखाली आपले लेखन अधिक चांगले होते असे तो म्हणे. आपल्या टीकाकाराला भिंतीवर टांगून ठेवण्याची ही कल्पना मला तर फारच आवडते, पण तेवढी हिंमत मला झालेली नाही.

मात्र यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. सफरचंदे, झगा, ठरावीक पेला, ठरावीक पेन ही लेखकाची स्वतःला कामाला बसवण्याची युक्ती असते. रोज त्याच खुणेने सुरुवात केली की मन त्या खुणेला सरावते आणि टाळाटाळ कमी होते. तिचा कथेशी काही संबंध नसतो. तुमचा पोशाख मात्र कथेच्या कामाचा आहे, पण तो अंगावर घालून तुम्ही खुर्चीत बसून राहता आणि तिथेच त्याचा उपयोग थांबतो. तो घालून जिना चढा. दोन्ही हातांत सामान घेऊन दार उघडा. खाली पडलेली सुई उचला. घोळ सांभाळायला एक हात अडकून पडतो आणि त्यामुळे तुमची नायिका एका वेळी एकच वस्तू नेऊ शकते, हे कळल्याबरोबर तिच्या दिवसाचा वेगच बदलेल. कुणी तिला धावत येताना पाहिले असे तुम्ही कुठे लिहिले असेल, तर ते वाक्य तुम्ही स्वतःच खोडाल. मंद दिव्याचेही तसेच आहे. त्याच्या उजेडात पत्र वाचून पाहा. किती जवळ धरावे लागते, वाचताना सावली कुठे पडते आणि शेजारी बसलेल्याला ते वाचता येते का, हे लिहून ठेवा. एखादे गुपित फुटायचे की नाही, हे त्या एका तपशिलावर ठरू शकते.

घरातल्यांना हसू द्या. फक्त एक सावधगिरी बाळगा: प्रवासात, आजारपणात पोशाखाशिवायही दोन ओळी लिहिता आल्या पाहिजेत.

प्रश्न : माझ्या रहस्यकथेत सात पात्रे एका वाड्यात रात्रभर वावरतात. कोण कुठे होते याचा मला स्वतःलाच पत्ता लागत नाही. आलेख, तक्ते सगळे करून झाले.

उत्तर : तक्ता वेळ सांगतो, जागा सांगत नाही. वाड्याचा नकाशा एका मोठ्या कागदावर काढा, खोल्यांची दारे कोणत्या बाजूला उघडतात हेही त्यात दाखवा, आणि सात वेगवेगळ्या रंगांची बटणे घ्या. कथेतली घटना वाचत जा आणि बटणे सरकवत जा. दोन बटणे एकाच बोळात समोरासमोर आली आणि तुमच्या मजकुरात मात्र त्या दोघांची भेटच नाही, असे झाले की एक तर चूक सापडली किंवा नवा प्रसंग सापडला.

नकाशाची ताकद स्कॉटिश कादंबरीकार स्टीव्हन्सनला पुरेपूर कळली होती. १८८१ साली सुट्टीत आपल्या सावत्र मुलाच्या संगतीत त्याने एका बेटाचा रंगीत नकाशा काढला आणि त्या नकाशाकडे पाहता पाहता ‘ट्रेझर आयलंड’ या त्याच्या कादंबरीतली माणसे त्याला झाडीतून डोकावताना दिसू लागली. पुढे प्रकाशकाकडे पाठवलेला तो नकाशा हरवला. तेव्हा त्याला संपूर्ण पुस्तक पुन्हा वाचून, त्यातले सगळे उल्लेख गोळा करून, त्यांना जुळेल असा दुसरा नकाशा मापे घेत तयार करावा लागला, आणि तो नकाशा आपल्याला कधीच खरा वाटला नाही असे त्याने नमूद केले आहे. आधी काढलेला नकाशा कथेला जन्म देतो, नंतर काढलेला केवळ तिचा हिशेब तपासतो. तुमचे काम सध्या दुसऱ्या प्रकारचे आहे, म्हणून त्याचा कंटाळा येणार हे गृहीत धरा.

त्याच लेखकाचा आणखी एक सल्ला रात्रीची कथा लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावा. एका कादंबरीत चंद्राने त्याला तोंडघशी पाडले होते आणि तेव्हापासून पंचांग जवळ असल्याशिवाय तो लिहीत नसे. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि त्यानंतर रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा येतो. तुमच्या कथेत पहिल्या रात्री मध्यरात्रीच्या थोडे आधी चंद्र उगवला असेल, तर तीन रात्रींनी त्याच वेळी तो खिडकीतून खुनी माणसाचा चेहरा उजळू शकणार नाही. सात बटणांबरोबर एक पांढरे बटणही ठेवा.

प्रश्न : वस्तू जवळ नसेल तर मोबाइलवरचा फोटो चालेल का?

उत्तर : आठवण ताजी ठेवण्यापुरता चालेल. फोटोत वजन नसते, आवाज नसतो, वास नसतो, आणि छायाचित्र काढणाऱ्याने ती वस्तू कुठून पाहायची हे तुमच्यासाठी आधीच ठरवून टाकलेले असते. वस्तू हाताशी असेल तेव्हा वास सर्वांत आधी लिहून काढा, कारण काही मिनिटांतच नाक त्याला सरावते आणि मग तो येईनासा होतो. रंग तासाभरानेही तिथेच असतो.

प्रश्न : आई गेल्यावर तिचा चष्मा मी जपून ठेवला आहे. तिच्यावर आधारलेली कथा लिहायची आहे, पण चष्मा हातात घेतला की रडू येते आणि पान कोरेच राहते. मैत्रीण म्हणते, अशा आणखी वस्तू जमव, म्हणजे लिहिता येईल.

उत्तर : मैत्रिणीचा हेतू चांगला आहे, सल्ला मात्र मला पटत नाही. तुर्की कादंबरीकार ऑर्हान पामुकने एका कादंबरीसाठी वर्षानुवर्षे वस्तू जमवल्या, ती कादंबरी २००८ साली प्रसिद्ध झाली आणि २०१२ साली इस्तंबूलमध्ये त्या वस्तूंचे संग्रहालयही उघडले. तिथे कादंबरीच्या ८३ प्रकरणांसाठी ८३ कपाटे योजलेली आहेत. पण तो जमवत असताना लिहीतही होता. आपल्यातले बरेच जण जमवतात ते लिहिणे लांबवण्यासाठी, आणि शोकाच्या काळात तर हे फार सोपे होऊन बसते.

तुमच्या हातातला चष्मा सध्या वस्तू झालेला नाही, तो अजून आईच आहे. त्याच्याकडून कामाची अपेक्षा करू नका. तो कपाटात ठेवा आणि दुसऱ्या कुणाचा तरी वापरलेला चष्मा मिळवा, शक्य तर तुमच्या नंबरहून बराच वेगळा. तो घालून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करा, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे वाचा, समोरच्या माणसाचा चेहरा पाहा. भिंग कसे आहे तेही तपासा: छापील मजकुरावरून ते हळूहळू वर उचलले आणि अक्षरे मोठी होत गेली तर चष्मा जवळचे वाचण्यासाठी होता, लहान झाली तर दूरचे पाहण्यासाठी. काड्या किती फाकल्या आहेत, नाकावरच्या आधारांना हिरवट थर चढला आहे का, बिजागरीला दोरा बांधला आहे का, हे सगळे परक्या चष्म्यावर तुम्ही कोरड्या डोळ्यांनी पाहू शकाल. मग त्या परक्या बाईवर एक पान लिहा. पाचव्या-सहाव्या ओळीला ती तुमच्या आईसारखी बोलू लागली, तर तिला अडवू नका.

आईची पत्रे असतील तर त्यांचा विचार निराळा करावा लागेल. चष्म्याने कुणाचे नाव घेतलेले नसते, पत्रांत नावे असतात, आणि त्यांतली काही माणसे हयात असतील. त्यांना विचारल्याखेरीज पत्रातला मजकूर कथेत घेऊ नये. चष्म्यासाठी मात्र कुणाच्या परवानगीची गरज नाही. तुम्हाला तो हातात घेववेल तेव्हा घ्या, आणि तोवर त्याची घडी आईने घातली होती तशीच राहू द्या.