अंतराळ इतिहासावर लिहायचं तर इंजिनिअरच असावं लागतं का?
नाही, इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. विज्ञानाचा पाया आणि माणसांना बोलतं करायची चिकाटी मात्र हवीच. अंतराळ इतिहासाचे अमेरिकन लेखक अँड्र्यू चेकिन यांचंच बघा: शिक्षण भूविज्ञानाचं, १९७६ मध्ये मंगळावरच्या व्हायकिंग मोहिमेच्या वेळी नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेत काम, पुढे 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात संपादन. अपोलो चांद्रमोहिमांवरच्या 'अ मॅन ऑन द मून' (१९९४) या पुस्तकासाठी ते चंद्रापर्यंत गेलेल्या २४ पैकी २३ अंतराळवीरांशी बोलले; उरलेले जॅक स्विगर्ट १९८२ मध्येच वारले होते. पुस्तकाचं खरं वजन या मुलाखतींत आहे. रॉकेटची आकडेवारी काय, नासाच्या कागदपत्रांतही मिळते. फक्त अशा पुस्तकात वर्षंच्या वर्षं जातात, तेव्हा हातची नोकरी लगेच सोडू नका.