ऑइल फिल्टर घेताना डब्यावरच्या नावाला भुलू नको

पहिल्यांदाच ऑइल स्वतः बदलायलास म्हणून सांगतो बघ. गाडीवाल्या कंपन्या बहुतेक वेळा फिल्टर स्वतः बनवत नाहीत, फिल्टरवाल्यांकडनं बनवून घेतात नि डब्यावर आपलं नाव घालतात. मान, माहले, बॉश या जर्मनीच्या फिल्टरवाल्या कंपन्या, आपल्याकडची फरिदाबादची एलोफिक, यातला तुझ्या गाडीला बसणाऱ्या पार्ट नंबरचा कुठलाही ओरिजिनल घे की, चालतंय.

खरा फरक आत असतोय. कागदाच्या घड्या दाट नि सारख्या पाहिजेत, आणि फिल्टरच्या तोंडावरच्या भोकांच्या आत रबरी पडदा असतोय तो नक्की बघ, गाडी बंद झाली की फिल्टरमधलं तेल खाली उतरू देत नाही तो, सिलिकॉनचा असला तर उष्णतेत टिकतोय, साधा रबर लवकर कडक होतोय. मी एकदा स्वस्तातला बिननावाचा घातला, रोज सकाळी स्टार्ट केली की दोन-तीन सेकंद इंजिन खडखडायचं, जीव तुटायचा अगदी. तसला परत नाही घातला.

खानापूर, निपाणीकडं उसाच्या सीझनला धुळीतनं फिरत असलास तर 10,000 किमीची वाट बघू नको, आधीच बदल. बसवताना फिल्टरच्या तोंडावरच्या रबरी वायसरला नवीन तेलाचं बोट लाव, हातानंच आवळ, आणि जुन्याचं वायसर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना ते आधी बघ, नाहीतर सगळं तेल खाली.