बेंबीखाली तीन इंच की चार बोटं?

एका अनुवादक बाईंचा प्रश्न आहे. ॲक्युपंक्चरवरची इंग्रजी पुस्तिका त्या मराठीत आणताहेत. त्यात ‘ग्वान-युएन’ नावाचा एक बिंदू येतो. त्यांनी केलेलं मराठी असं: ‘ओटीपोटावर, बेंबीखाली तीन इंचांवर असलेलं मर्मस्थान’. हे बरोबर आहे का?

‘ओटीपोट’ अगदी बरोबर. उदर म्हटलं की सगळंच पोट आलं, आणि ‘अधोदर’ लिहिलंत तर वाचक पुस्तिका मिटून ठेवेल. घोळ आहे तो ‘इंच’ आणि ‘मर्मस्थान’ या दोन शब्दांत.

आधी इंच. मूळ चिनी माप आहे ‘त्सुन’. (आपल्या ‘चुना’, ‘चूल’ यांतला च त्याच्या बराच जवळचा. हिंदीवाल्यांना तो जड जातो, आपल्याला नाही.) इंग्रजी पुस्तकांत त्याला कधीकधी ‘चिनी इंच’ म्हणतात, आणि गंमत म्हणजे चिनी भाषेत इंचाला म्हणतात ‘यिंग-त्सुन’, म्हणजे इंग्रजी त्सुन! पण वैद्यकातला त्सुन फूटपट्टीवर सापडत नाही, तो ज्याच्या त्याच्या अंगावर असतो. रोग्याच्या स्वतःच्या अंगठ्याची सांध्यापाशी जेवढी रुंदी, तेवढा एक त्सुन. आणि अंगठा सोडून उरलेली चार बोटं जुळवली की मधल्या पेरांशी जी रुंदी भरते, ती तीन त्सुन. म्हणजे तुम्हाला हवं असलेलं माप मराठीत आयतंच आहे: बेंबीखाली चार बोटं. आजी पोटावर कुठे तेल चोळायचं ते ज्या मापात सांगते, तेच हे. फक्त ‘रोग्याची बोटं’ हे स्पष्ट लिहा, नाहीतर उपचार करणारा धिप्पाड माणूस आपली बोटं एखाद्या किरकोळ बाईच्या पोटावर ठेवून मोकळा होईल.

कुणी म्हणेल, मग ‘तीन अंगुळं’ का नको? आयुर्वेदातही माप ज्याचं त्याच्या बोटांनीच घेतात, शब्दही भारदस्त आहे. नको, कारण अंगुळ म्हणजे एका बोटाची रुंदी. तीन अंगुळं मोजलीत तर जेमतेम सव्वादोन त्सुन भरतात आणि तुम्ही वरच्याच अंगाला थांबता. बेंबीखाली दोन त्सुनांवर ‘शी-मेन’ नावाचा दुसरा बिंदू आहे. त्या नावाचा अर्थ दगडी दार. तिथे सुई टोचली तर बाई वांझ होते, असा इशारा जुन्या चिनी ग्रंथांत आहे. तो खरा माना न माना, पण अनुवादातल्या एका बोटाच्या चुकीने वाचक नको त्या दाराशी जाऊन उभा राहतो. पोट सुटलेलं असेल तर बोटांचाही भरवसा नसतो. म्हणून बेंबीपासून जघनास्थीच्या (ओटीपोटाच्या तळाशी हाताला लागतं त्या हाडाच्या) वरच्या कडेपर्यंतच्या अंतराचे पाच सारखे भाग करतात आणि वरून तीन भाग मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ३६१ बिंदूंच्या जागा प्रमाणित केल्या, त्यात ग्वान-युएनची खूण ‘सीव्ही ४’ अशी आहे.

आता मर्मस्थान. हा शब्द मात्र कृपा करून काढाच. सुश्रुताने १०७ मर्मं सांगितली, ती शस्त्र चालवणाऱ्याने कुठे जपावं म्हणून. नाभी आणि बस्ती (म्हणजे मूत्राशय) ही दोन्ही मर्मं त्याने ‘सद्यःप्राणहर’ गटात घातली आहेत, म्हणजे तिथे घाव बसला तर माणूस लवकर दगावतो. मर्मावर घाव घालणे, मर्मी लागणे हे आपले वाक्प्रचारही तेच सांगतात. जिथे मुद्दाम सुई टोचायची त्या जागेला मर्म म्हणणं म्हणजे अर्थ उलटा करणं. चिनी शब्द आहे ‘श्युए’, म्हणजे गुहा, बीळ. ‘बिंदू’ हा युरोपीय भाषांतून आलेला अनुवाद, पण तो आता रुळला आहे, राहू द्या.

नावातलं ‘ग्वान’ म्हणजे अडसर, नाका, खिंडीतलं ठाणं. ‘युएन’ म्हणजे आद्य, मूळचं. मूळ चैतन्य जिथे अडवून राखलंय तो नाका, असा भाव. मी नाव तसंच ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ देईन. ‘स्वाधिष्ठान’ वगैरे चिकटवू नये. ते वेगळ्या शास्त्राचं घर आहे.

उपयोगांच्या यादीत तुम्ही ‘श्वेतप्रदर’, ‘मूत्रावरोध’ लिहिलंय. ज्यांच्यासाठी पुस्तिका आहे त्या बायका ‘अंगावरून पांढरं जाणं’, ‘लघवी तुंबणं’ म्हणतात. पाळीच्या वेळी ओटीपोटात दुखणं, पाळी मागेपुढे होणं, वारंवार लघवी, मुलांचं अंथरुणात शू करणं, पुरुषांची नपुंसकता, जुने जुलाब, अंगातली ताकद गेल्यासारखं वाटणं, या सगळ्यांवर चिनी वैद्य हा बिंदू वापरतात. क्रियापद ‘वापरतात’ असंच ठेवा. तुमच्या मसुद्यातलं ‘बरे होते’ ही अनुवादकाने पदरची घातलेली हमी आहे.

आणि इथे सुईइतकाच शेकही महत्त्वाचा. चिनी नाव ‘जन-ज्यू’ म्हणजे सुई आणि शेक. ॲक्युपंक्चर या शब्दात नुसती सुईच उरली. शेकासाठी जाळतात तो ‘मोक्सा’, जपानी ‘मोगुसा’वरून आलेला शब्द. ती वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली, जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्या. पण म्हणून ‘दवण्याचा शेक’ लिहू नका, कुणीतरी खरंच दवणा पेटवेल. ‘मोक्साचा शेक’ लिहा.

एक वाक्य मसुद्यात गळलंय, ते आधी घाला: गरोदर बाईच्या ओटीपोटावर सुई टोचू नये, आणि इतरांनीही आधी लघवी करून यावं, कारण त्या जागेच्या आत मूत्राशय असतं.