तुझा मसुदा वाचला

प्रिय चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

दहशतवादविरोधी धोरणाचा तुझा मसुदा दोनदा वाचला. पुढच्या धोक्यांवर चाळीस पानं: ड्रोन, कृत्रिम बुद्धिमत्ता, जैविक अस्त्रं. अंमलबजावणीला दीड पान. हे प्रमाण मला खटकलं.

नॉर्वेतल्या ओस्लोचं बघ. २२ जुलै २०११ ला सरकारी संकुलासमोर स्फोटकांनी भरलेली व्हॅन लावून एका माणसाने स्फोट केला, मग उटोया बेटावर जाऊन गोळीबार. एकूण ७७ जीव गेले. वर्षभराने चौकशी आयोगाने सांगितलं की आधीच मंजूर झालेले उपाय अमलात आले असते, तर तो स्फोट टळू शकला असता. संकुलापुढचा रस्ता वाहनांना बंद करायचा होता. काम वर्षानुवर्षं रखडलं. म्हणजे धोका कुणीतरी अचूक ओळखला होता!

अमेरिकेच्या ९/११ आयोगाने २००४ मध्ये कल्पनाशक्ती कमी पडल्याचं नोंदवलं. तूही तेवढंच उचललंस. त्याच अहवालात हेही आहे: जानेवारी २००० मध्ये क्वालालंपूरला भेटलेल्या संशयितांपैकी दोघे सीआयएला ठाऊक होते, ते निगराणी यादीत आले ऑगस्ट २००१ च्या शेवटी. इथे कल्पनाशक्तीचा काय संबंध? एका टेबलावरचा कागद दुसऱ्यावर गेला नाही, एवढंच.

अंदाज बांधूच नको, असं मी म्हणत नाही. पण आधी घडून गेलेल्यात शोध. जून १९९४ मध्ये जपानच्या मात्सुमोतोत सरिन हा विषारी वायू सोडला गेला, आणि पोलिसांचा संशय गेला तो खबर देणाऱ्या रहिवाशावरच. नऊ महिन्यांनी, २० मार्च १९९५ ला, त्यामागच्याच ओम शिनरिक्यो या पंथाने तोच वायू टोकियोच्या भुयारी रेल्वेत सोडला.

ब्रिटनच्या ‘कॉन्टेस्ट’ या दहशतवादविरोधी धोरणाची चार कलमांची चौकट घेतलीस, ठीक. मात्र त्यातलं कट्टरता रोखण्याचं कलम जपून लिही. २०१५ च्या कायद्याने ती जबाबदारी शाळांवरही आली, आणि आपल्या मुलांवर पाळत आहे असं अनेक मुस्लिम कुटुंबांना वाटू लागलं. ज्यांच्याकडून खबर यायची तीच माणसं गप्प झाली, तर उरलेली तीन कलमं लंगडी पडतात.

सुधारित मसुद्याबरोबर मागच्या धोरणातल्या न झालेल्या कामांची यादी जोड. प्रत्येकापुढे कुणाकडे अडलं, कधीपासून आणि पैसे मंजूर होते का, ते लिही. मी ती यादी आधी वाचेन.

तुझा,
काका