गाडीच्या हेडलाइटमध्ये आतून वाफ धरते, खाली पाणीही साचतं. काय करावं?

तुम्ही विचारलंय की गाडी तीन वर्षांची आहे, पाऊस सुरू झाल्यापासून डाव्या हेडलाइटच्या काचेला आतून वाफ धरते, थेंब ओघळतात आणि खालच्या कोपऱ्यात थोडं पाणीही हलताना दिसतं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात पावसाळ्यात हे चालायचंच. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो खालून बारीक भोक पाडून देतो. शेजारी म्हणतात सगळीकडून सिलिकॉन मारून टाका. तिघांपैकी कोणाचं ऐकायचं?

माझं मत विचाराल तर तिघांचंही नको. त्यातला शेजाऱ्यांचा उपाय मी स्वतः करून बसलोय, आणि त्यात एक चांगला हेडलाइट वाया घालवलाय.

मी सावंतवाडीचा. कामासाठी आठवड्यातून दोनदा आंबोली घाट चढून बेळगावला जातो. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे ओल या विषयात आमची तयारी आपोआप होते. तरीही पहिल्यांदा हेडलाइटला आतून घाम फुटलेला पाहिला तेव्हा मलाही वाटलं होतं की दिवा गेला.

आपली समजूत अशी असते की हेडलाइट म्हणजे बरणी, झाकण घट्ट लावलं की संपलं. पूर्वी अख्खा दिवा एकाच बंद काचेत असलेले हेडलाइट यायचे, ते खरोखर तसे होते. आताचा हेडलाइट तसा नाही, तो श्वास घेतो. मागच्या बाजूला नीट पाहिलंत तर कुठेतरी रबराची छोटी वाकडी नळी, तोंड खाली केलेली, किंवा कापडासारख्या चकतीचं बारीक झाकण दिसेल. हवा आत-बाहेर जाता यावी म्हणून कंपनीनेच ती वाट ठेवलेली असते. दिवा लावला की आतली हवा तापते, फुगते आणि थोडी बाहेर पडते. दिवा विझला की ती आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. आतली हवा ६० अंशांवरून २५ अंशांवर आली तर आकारमान साधारण दहा टक्क्यांनी कमी होतं, आणि तेवढी जागा बाहेरची हवा भरून काढते. आमच्याकडे घाटाची भर वेगळी. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळजवळ ७०० मीटर. वर जाताना हवेचा दाब घटतो आणि दिव्यातली हवा बाहेर येते, खाली उतरताना पायथ्याची दमट हवा आत शिरते. म्हणजे माझा हेडलाइट आठवड्यातून दोनदा घाट चढतो-उतरतो आणि प्रत्येक वेळी दीर्घ श्वास घेतो.

आता ही हवा जर जुलैतली असेल तर ती ओलीच असणार. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं, २० अंशांना १७ ग्रॅमच. वरचं जे उरतं ते सगळ्यात थंड जागी जाऊन बसतं. मागून इंजिनची ऊब आणि पुढून पावसाचं पाणी, अशा दिव्यात सगळ्यात थंड जागा कोणती? पुढची काच. (काच म्हणायची सवय आहे म्हणून, आहे ते पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिकच.) म्हणून वाफ नेहमी तिथेच धरते. हिवाळ्यात उघड्यावर लावलेल्या गाड्यांना सकाळी हेच होतं, रात्री काच आकाशाखाली थंड पडते म्हणून.

म्हणजे तुमचे सर्व्हिस सेंटरवाले खोटं बोलत नाहीत. पातळ, धुक्यासारखी वाफ, बहुतेक दोन्ही बाजूंना सारखीच, आणि दिवे लावून गाडी चालवली की अर्ध्यापाऊण तासात विरणारी, ही खरंच चालायचीच. तिच्यावर एक रुपयाही खर्च करू नका. मात्र तुमच्याकडे तीन गोष्टी वेगळ्या आहेत. एकाच बाजूला होतंय. थेंब नुसते जमत नाहीत, ओघळतात. आणि खाली पाणी साचतंय. श्वासातून येणाऱ्या बाष्पाने पाणी साचत नाही. तिथे पाऊस थेट आत शिरतोय, आणि त्याला कुठेतरी दार मिळालंय. ते दार शोधणं हेच खरं काम.

एलईडी हेडलाइट असेल तर एक सांगून ठेवतो. हॅलोजन बल्ब उष्णता पुढे फेकतो, त्यामुळे काच तापून लवकर सुकते. एलईडीची उष्णता मागे, धातूच्या पातळ पट्ट्यांत जाते आणि काच थंडच राहते. त्यामुळे एलईडीत साधी वाफही कित्येक तास रेंगाळते. तेवढ्यावरून घाबरू नका.

आता माझी फजिती. माझ्या जुन्या हॅचबॅकला साधे हॅलोजन बल्ब होते. घाटात धुकं फार म्हणून हौसेने मागे पंखा असलेले एलईडी बल्ब आणले. ते बसले, पण मागचं रबराचं झाकण पंख्यावर बसेना. मी म्हटलं, राहू दे, बॉनेटच्या आत कुठे पाऊस पडतो? पडत नाही, हे खरं. पण पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी सगळीकडे जातं. पंधरा दिवसांत डाव्या दिव्यात बोटभर पाणी. मग मी दुसरा शहाणपणा केला. दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणली आणि दिव्याला चहूबाजूंनी, मागच्या बारीक नळीसकट, लिंपून काढलं. आत ओल तशीच होती, तीही आतच कोंडली. आठ दिवसांनी वाफ गेली नाहीच, उलट आतला चकचकीत आरसा पांढुरका पडला आणि उजेड निम्मा झाला.

शेवटी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने बॉनेट उघडलं, दिव्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, “झाकान खंय?” म्हणजे झाकण कुठंय, एवढंच. मी गप्प.

आरसा का पांढरा पडला ते त्याच्याकडूनच कळलं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना, ते आम्ल असतं. हेडलाइटच्या आतला आरसा म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. बंद दिव्यात ती आंबट वाफ त्याच्यावर बसली की थर खराब होतो आणि मग काही करता येत नाही. म्हणून तुमच्या शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि ट्यूब परत द्या.

तर तुम्ही काय करावं. वॉरंटी चालू असेल किंवा वाढीव घेतली असेल, तर आधी कशालाही हात न लावता आत साचलेल्या पाण्याचा व्हिडिओ काढा. गाडी थोडी हलवा, पाणी हलताना दिसलं पाहिजे. नुसत्या वाफेचा फोटो दाखवलात तर सर्व्हिस सेंटरवाले पुस्तिकेतलं “तात्पुरतं बाष्प हा दोष नाही” हे वाक्य दाखवतील. साचलेल्या पाण्यापुढे ते वाक्य चालत नाही. एकदा तुम्ही स्वतः गोंद लावलात की मात्र “तुम्हीच उघडलाय” म्हणून मोकळे होतील.

वॉरंटी संपली असेल तर बॉनेट उघडा आणि सगळ्यात आधी मागचं झाकण बघा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा गडबड तिथेच निघते. गेल्या वर्षभरात बल्ब बदलला होता का, ते आठवा. रबराचं झाकण असेल तर त्याची कड सगळीकडे बसलीय का, ते बोट फिरवून पाहा. एका जागी दुमडलेली असली तरी पुरे. प्लास्टिकचं फिरकीचं झाकण असेल तर आत रबराची रिंग जागेवर आहे का ते बघा, ती बल्ब बदलताना खाली पडते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. झाकण कडक होऊन चिरलं असेल तर नवं मिळतं, अख्ख्या हेडलाइटच्या मानाने किरकोळ पैशांत.

मग ती श्वासाची नळी. तिच्यात चिखल बसतो, कोळी जाळं करतात, कुंभारमाशी तर मातीचं घरच बांधते. वाट बंद झाली की दिवा दुसऱ्या फटीतून हवा ओढतो आणि ती फट नेमकी पाण्याची असते. तापलेल्या दिव्यावर एकदम डबक्याचं पाणी उडालं की आतली हवा झटक्यात आकसते आणि फटीवरचं पाणी पिचकारीसारखं आत खेचलं जातं. वॉशिंग सेंटरमध्ये गरम गाडीवर प्रेशरचं पाणी दिव्याच्या कडेला जवळून मारतात, तेव्हाही हेच होतं. तिथे मी आता उभा राहून लांबून मारायला सांगतो. ते माझ्याकडे विचित्र बघतात, बघू देत.

झाकण आणि नळी दोन्ही ठीक असतील तर फट काचेच्या जोडावर किंवा दिव्याच्या मागच्या प्लास्टिकच्या डब्यात आहे. गाडीला डावीकडे कधी घासलं, ठोकलं होतं का? बंपर सरळ केला तरी मागे हेडलाइटचा कान, म्हणजे तो गाडीला जोडणारा तुकडा, तुटलेला किंवा डब्याला केसाएवढी चीर गेलेली असू शकते. यासाठी दिवा काढावा लागतो, बऱ्याच गाड्यांत बंपरही उतरवावा लागतो, त्यामुळे हे मेकॅनिककडून करून घ्या. त्याला सांगा की बल्बचं तोंड झाकणाने बंद कर, जोडावर साबणाचा फेस लाव आणि श्वासाच्या नळीतून तोंडाने हलकेच फुंक. नळ्या दोन असतील तर एकीवर चिकटपट्टी. जिथे बुडबुडे येतील तिथे दार.

सापडलं की आधी दिवा पूर्ण सुकवायचा, मग चिकटवायचं. माझ्यासारखा उलटा क्रम नको. दिवा तिरपा करून पाणी ओता, झाकण काढून दिवा उन्हात ठेवा, उघडं तोंड खाली, म्हणजे धूळ पडणार नाही. ऊन नसेल, आणि जुलैत नसतंच, तर हेअर ड्रायर कमी गरमवर ठेवून, फूटभर लांबून, मागच्या तोंडातून वारा द्या. घाई करून जवळ धरलात तर प्लास्टिक वाकेल. आत कापड, कापूस, बोट काहीही घालून पुसू नका. आरसा पुसला की ओरखडे कायमचे. हॅलोजन बल्ब काढलात तर त्याच्या काचेलाही उघडं बोट लावायचं नाही, बोटाचं तेल तापून बल्ब लवकर जातो. होल्डरच्या पिना पाहायला विसरू नका. हिरवट पूड दिसली तर गंज आहे आणि एक दिवस ऐन घाटात दिवा जाईल.

जोड बंद करायला ट्यूबवर “न्यूट्रल” लिहिलेलं सिलिकॉन मिळतं, ते घ्या. त्याला आंबट वास नसतो. फक्त फटीवर बाहेरून, एक दिवस सुकू द्या, श्वासाच्या नळीपासून लांब.

आणि भोक? ते पाणी बाहेर जायला पाडतात, पण भोकाला दिशा कळत नाही. पुढच्या पावसात तिथूनच चिखलाचं पाणी, धूळ आणि किडे आत. मेलेले किडे आरशाला चिकटलेले दिवे तुम्हीही रस्त्यावर पाहिले असतील. बुटांच्या खोक्यातल्या त्या “खाऊ नये” लिहिलेल्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाकायचा सल्लाही कोणीतरी देईल. वाट उघडी असताना त्या दोन दिवसांत ओल पिऊन तृप्त होतात, आणि घरंगळून बल्बला टेकल्या तर कागद करपतो. हेडलाइट ओव्हनमध्ये तापवून काच सोडवण्याचे व्हिडिओ आहेत. सराव असलेल्या माणसाला ते जमतं, पण काही कंपन्यांचा गोंद उष्णतेने सुटतच नाही आणि काच तडकते. घरच्या ओव्हनमध्ये तर नकोच, त्यात पुन्हा केक करायचा असतो.

काचेलाच दगडाने चीर गेली असेल किंवा आरसा पांढरा पडला असेल, तर मात्र बदलण्याशिवाय इलाज नाही. डुप्लिकेट स्वस्त मिळतो, पण त्याचा जोड पहिल्याच पावसाळ्यात कसा वागेल याची हमी मी देणार नाही. मी एकदा तोही अनुभव घेतलाय. विम्यातून होईल का हे विचाराल, तर नुसती ओल शिरली म्हणून पैसे मिळत नाहीत, अपघातात फुटला तर मिळतात. त्यातही प्लास्टिकच्या भागांना साध्या पॉलिसीत निम्मे पैसे कापतात, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, असेल तर कापत नाहीत.

माझा पैज लावण्याचा स्वभाव नाही, पण तुमच्याकडे झाकणच निघेल असं वाटतं. उद्या सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडा, डावं झाकण काढून उजव्या झाकणाशी ताडून बघा आणि काय सापडलं ते इथे कळवा.